साठ श्वास आणि एक लाल मणी

माझ्या वर्गातला पहिला तास मोजणीचा असतो. पडद्यावर महिन्याभराचं बाळ दिसतं, दुपट्यावर निजलेलं, पोट उघडं. एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे, एवढंच काम. समोर नर्स असतात, समाजकार्याचे विद्यार्थी असतात, कधी नुकताच एमबीबीएस झालेला एखादा असतो. मिनिट संपलं की मी एकेकाचा आकडा फळ्यावर लिहिते. ३८. ५२. ५६. ७१. बाळ तेच, मिनिट तेच. तान्ह्या बाळाचा श्वास लंबकासारखा चालत नाही. भराभर सात-आठ घेतं, थबकतं, उसासा टाकतं, मध्येच पाय झाडतं. पोट हललं ते श्वासानं की पायानं, हे ठरवता ठरवता तिशी-चाळिशीतच मोजणी हातची सुटते.

सगळे जरा ओशाळले की मग मी खरा प्रश्न टाकते. जिला दहा-बारापुढे मोजताच येत नाही अशा दाईनं हे काम कसं करायचं?

हा प्रश्न मी परीक्षेसाठी रचलेला नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी तो गडचिरोलीत खरोखरच पुढ्यात येऊन उभा राहिला होता. त्याला मिळालेलं उत्तर आणि त्या उत्तरातून पुढे निघालेलं आणखी मोठं, आणखी वादाचं उत्तर, असं हे प्रकरण आहे.

गाव, जंगल आणि चुकलेला पहिला डाव

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. पश्चिमेला वैनगंगा, बाकी जंगल. पावसाळ्यात नाले भरले की कितीतरी गावांचा रस्ता बंद. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलं आणि १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेमार्फत इथे काम करू लागलं.

त्यांची सुरुवात मला शिकवायला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती फसली. आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्तातला आनुवंशिक दोष असल्याचं त्यांनी शोधून काढलं. शास्त्रीयदृष्ट्या काम चोख होतं, सरकारनंही दखल घेतली. गावाला मात्र त्याचं काही वाटलं नाही. तो प्रश्न डॉक्टरांचा होता, गावाचा नव्हताच. ही चूक बंगांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलेली आहे. पुढे त्यांनी आधी विचारायला सुरुवात केली. दवाखान्यात का येत नाही, असं विचारल्यावर जी उत्तरं आली ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, कारण पांढरं कापड मेलेल्या माणसावर घालतात. आजाऱ्याबरोबर घरची माणसं राहू देत नाहीत. आणि दवाखान्यात देवच नाही. मग सर्चच्या वसाहतीतला, शोधग्रामातला, दवाखाना आदिवासी पाड्यासारखा झोपड्यांचा झाला आणि त्याला नाव मिळालं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

गावांनी बोलून दाखवलेलं एक दुःख म्हणजे लेकरं जगत नाहीत. मोजलं तेव्हा १९८८ साली जन्मलेल्या दर हजारातली १२१ बाळं वर्षाच्या आत दगावत होती.

मण्यांचं यंत्र

बालमृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण निघालं न्यूमोनिया. इथे एक गोष्ट बंगांच्या आधीच, भारताबाहेर, ठरून गेलेली होती. पापुआ न्यू गिनीतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं की खोकणाऱ्या मुलाला न्यूमोनिया आहे की साधी सर्दी हे ओळखायला क्ष-किरण लागत नाहीत, छातीला नळीही लावावी लागत नाही. श्वास मोजले की पुरतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचे ५० किंवा जास्त असतील, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. शास्त्र इतकं सोपं झालेलं होतं, पण तेही दाईला पेलणारं नव्हतं. साठपर्यंत मोजणं ही शाळेत गेलेल्या माणसाची सवय आहे, हे शाळेत गेलेल्याला आठवत नाही.

सर्चनं बनवलेलं ‘ब्रेथ काउंटर’ अगदी खेळण्यासारखं आहे. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी लहान बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यासाठी. घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. वाळू आधी संपली तर नाही.

यंत्र वर्गात फिरवलं की काही जण हसतात. मी त्यांना पुन्हा तेच बाळ दाखवते आणि मणी हातात देते. आकडे बरेच जवळ येतात. दहा-दहाचे तुकडे पाडले की एखादा श्वास निसटला तरी घोटाळा वाढत जात नाही, आणि बोटाला काम मिळालं की डोळा पोटावरून हलत नाही. म्हणजे अडाण्यासाठी केलेली सोय शिकलेल्याच्याही कामी येते. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची. दाईला अंक शिकवायच्या फंदात कोणी पडलं नाही. तिला आकडा नकोच होता, ‘औषध द्यायचं की नाही’ एवढंच हवं होतं. यंत्रानं आकडा पोटात ठेवला आणि निर्णय तेवढा बाहेर दिला.

१९८८ पासून ५८ गावांत दाया, गावातले आरोग्य कार्यकर्ते आणि निमवैद्यकीय कर्मचारी अशा तिन्ही प्रकारच्या लोकांना श्वास मोजून कोट्रायमॉक्सॅझोल हे जंतू मारणारं औषध द्यायला शिकवलं. तुलनेसाठी ४४ गावं ठेवली. उपचार मिळालेल्या ६१२ मुलांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होतं. १९९० मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

महिन्याच्या आतलं बाळ

न्यूमोनियाचे मृत्यू उतरले तसे उरलेले मृत्यू उघडे पडले. ते पहिल्या महिन्यातले होते, आणि त्यातही पहिल्या आठवड्यातले. तिथे सगळंच अवघड. बाळ अपुऱ्या दिवसांचं असतं, कमी वजनाचं असतं, जन्मतः रडत नाही, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्तात जंतू पसरतात. त्या काळात नवजात बाळाचा उपचार म्हटलं की काचेची पेटी, सलाईन आणि शहरातलं मोठं रुग्णालय हेच चित्र डोळ्यांसमोर यायचं. गावात हे होणार नाही यावर तज्ज्ञांचं एकमत होतं, आणि गावकऱ्यांचंही.

सर्चनं आधी नुसतं पाहायचं ठरवलं. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ बाळांचा पहिला महिना घरी जाऊन नोंदवला. जवळजवळ सगळी बाळंतपणं घरीच झालेली. ४२ टक्के बाळं अडीच किलोच्या आतली. निम्म्याहून जास्त, नेमकं सांगायचं तर ५४.४ टक्के, बाळांना वैद्यकीय मदत लागेल असा काही ना काही त्रास झाला होता. डॉक्टरनं पाहिलेली बाळं किती? २.६ टक्के. रुग्णालयात पोचलेली ०.४ टक्के.

हा ०.४ आकडा मी फळ्यावर लिहून तसाच ठेवते. ‘बाळाला ताबडतोब रुग्णालयात न्या’ हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या शंभर टक्के बरोबर आहे, आणि हजारातल्या चार बाळांच्या बाबतीतच तो अमलात येतो.

या नोंदींसाठी आणि पुढच्या उपचारासाठी प्रत्येक गावातली एक बाई निवडलेली होती. पाचवी ते दहावी शिकलेली, त्याच गावात राहणारी. तिला नाव पडलं आरोग्यदूत. ३९ गावं, ३९ बाया, एकूण लोकसंख्या ३९ हजारांच्या आसपास. तुलनेसाठी आणखी ४७ गावं, जिथे नेहमीच्या सरकारी सेवा चालू राहिल्या. आरोग्यदूत बाळंतपणाला दाईबरोबर हजर राहायची आणि मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, पंधराव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घरी जायची. जवळ झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, नोंदवही. बाळ रडलं नाही तर श्वास द्यायला नळी आणि मास्क. फार लहान बाळाला उबेत ठेवायला शिवलेली पिशवी.

भेटींचे दिवस मी मुद्दाम पूर्ण दिले. जंतुसंसर्ग, म्हणजे सेप्सिस, ओळखायची लक्षणं पुढे त्यांच्याच नोंदींवरून सातवर आणली गेली, आणि त्यांतली कोणतीही दोन एकदम दिसली की उपचार सुरू. आधी नीट रडत होतं, आता रडणं क्षीण झालं. आधी जोरानं ओढत होतं, आता दूध ओढत नाही. अंग लुळं पडलं. आई सांगते की हाताला गार लागतं किंवा कढत लागतं. छाती आत खेचली जाते. पोट फुगलं किंवा बाळ वारंवार उलट्या करतं. बेंबीत किंवा कातडीवर पू.

वाचताना सहज निसटेल असा शब्द इथे आहे: ‘आधी’. पहिली दोन-तीन लक्षणं बदलाची आहेत. बाळ मंद झालं हे त्यालाच कळतं ज्यानं ते काल पाहिलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यातला बालरोगतज्ज्ञ कितीही हुशार असो, तो बाळाला पहिल्यांदाच बघतो. सातवी शिकलेल्या आरोग्यदूताकडे असं काहीतरी होतं जे त्याच्याकडे नव्हतं: काल आणि परवा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा शोध हाच आहे. गावात ज्ञान नेलं म्हणतात ते अर्धंच खरं. दुसरं अर्धं ज्ञान गावातच होतं, आईकडे आणि शेजारणीकडे. ते नोंदवहीत उतरवायला कुणी जागा ठेवली नव्हती.

सुई कुणाच्या हातात

आता वादाचा भाग. सेप्सिसला जेंटामायसिनचं इंजेक्शन लागतं. अडीच किलोच्या बाळाच्या मांडीत, मातीच्या घरात, कंदिलाच्या उजेडात, डॉक्टर नसलेल्या, नर्सही नसलेल्या बाईनं ते द्यायचं का?

वर्गात इथे हमखास भांडण जुंपतं आणि मी ते होऊ देते. एमबीबीएसवाले म्हणतात, उद्या गावोगावचे भोंदू हेच उदाहरण दाखवतील. जेंटामायसिन जास्त झालं तर कान आणि मूत्रपिंड जातं. दोन्ही हरकती खऱ्या आहेत. नर्स मात्र बहुतेक वेळा गप्प असतात, आणि मग एखादी म्हणते, ‘आम्ही तरी रात्री डॉक्टर नसताना काय करतो, सर?’ मला सर म्हणतात, सवयीनं. मी सोडून देते.

सर्चनं केलेली बांधाबांध पाहिली तर सुई हा त्यातला सगळ्यात लहान तुकडा होता. पहिलं वर्ष आरोग्यदूतांच्या हातात सुई दिलीच नाही. बाळ तपासणं, वजन करणं, नोंद ठेवणं एवढंच. दुसऱ्या वर्षी, १९९६-९७ मध्ये, ज्यांच्या नोंदी खऱ्या ठरल्या त्यांच्याकडे औषधोपचार गेला. तिसऱ्या वर्षी आयांना शिकवण्यावर भर. दर पंधरवड्याला पर्यवेक्षक डॉक्टर गावात येऊन नोंदी घरोघर पडताळायचा. आजारी बाळाच्या आईवडिलांना आधी ‘रुग्णालयात न्या’ असंच सांगायचं. ते नाही म्हणाले, तर लेखी संमती घेऊन घरी उपचार. म्हणजे सुई देताना तिच्याभोवती कुंपण घातलेलं होतं. भोंदूकडे सुई असते, कुंपण नसतं. हे वाक्य मी वर्गात म्हणते तेव्हा भांडण निम्मं मिटतं. उरलेलं निम्मं मिटू नये.

आकडे असे. उपचार मिळेपर्यंत सेप्सिस झालेल्या दर शंभर बाळांतली १६.६ दगावत, उपचार सुरू झाल्यावर २.८. कामाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५८ होता आणि ६० राहिला. दोन्हींचा हिशेब करून निव्वळ घट निघते ६२.२ टक्के. खर्च दर बाळामागे ५.३ डॉलर. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’नं हा अभ्यास छापला.

पहिल्या वर्षाचा आकडा बहुतेक भाषणांतून गळतो, तो मी मुद्दाम सांगते. सुई हातात नसताना, नुसतं वजन, ऊब, स्तनपान आणि वरचेवर जाणं एवढ्यावरच घट दिसली २५ टक्के. पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती टिकली नाही, योगायोगही असू शकतो अशीच तिची नोंद आहे. दुसऱ्या वर्षी, सुईसकट, ती ४९.५ टक्के झाली आणि कसोटीवर उतरली. तिसऱ्या वर्षी आयांना शिकवण्याचीही भर पडलेली असल्यामुळे सगळं श्रेय सुईला देता येत नाही. तरी ‘जागृती केली की पुरतं’ म्हणणाऱ्यांनी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षातलं अंतर एकदा बघावं.

तुलनेच्या ४७ गावांबद्दल विद्यार्थी दरवर्षी विचारतात. तिथली बाळं मरताना नुसती मोजत बसायची का? मला हा प्रश्न सुटलेला नाही. तिथल्या सेवा कुणी काढून घेतल्या नव्हत्या, राज्यातल्या इतर हजारो गावांना जे मिळत होतं तेच त्यांना मिळत होतं. आणि ती ४७ गावं नसती तर ‘मृत्युदर तसाही उतरतच होता’ असं म्हणून कुठल्याही समितीनं फाईल बाजूला सारली असती. दोन्ही गोष्टी मी सांगते. पण ६० हा आकडा लिहिताना खडू जरा अडखळतो.

सरकारच्या हातात गेल्यावर

पुढे महाराष्ट्रातच ‘अंकुर’ प्रकल्पात सात ठिकाणच्या संस्थांनी ही पद्धत राबवली आणि नवजात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बांगलादेशात सिल्हेटमध्ये याच धर्तीवर झालेल्या चाचणीत ३४ टक्के घट दिसली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून नवजात बाळाच्या गृहभेटींची शिफारस केली. २०११ पासून भारत सरकारनं ‘गृह-आधारित नवजात शिशु काळजी’ देशभर आशाताईंकडे सोपवली.

जे गडचिरोलीत होतं आणि जे देशभर गेलं, ते शेजारी शेजारी ठेवून पाहायला सांगते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक जास्त. गडचिरोलीत पहिल्या आठवड्यात पाच भेटी होत्या. इथे दोन, फार तर तीन. तिसऱ्या दिवशी पाहिलेलं बाळ पुन्हा दिसतं ते सातव्या दिवशी. सेप्सिस चार दिवस थांबत नाही. ‘आधी नीट ओढत होतं’ हे म्हणायला लागणारं ‘आधी’ इथेच कमी पडतं. वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ आशाताईच्या पिशवीत आले. इंजेक्शन आलं नाही. २०१४ मध्ये केंद्रानं जेंटामायसिनची परवानगी दिली ती एएनएमला, म्हणजे सरकारी परिचारिकेला, तीही बाळाला वरच्या दवाखान्यात नेणं शक्य नसेल अशा विशिष्ट परिस्थितीत. एएनएम उपकेंद्रात असते, आणि एका उपकेंद्राखाली कितीतरी गावं.

सरकारची बाजू मी टाकून देत नाही. ३९ बायांच्या मागे दर पंधरवड्याला डॉक्टर उभा करता येतो, लाखो आशांच्या मागे तो आणायचा कुठून? कुंपण नसेल तर सुई नको, हे तर्काला धरूनच आहे. शिवाय मधल्या काळात बाळंतपणं घरातून दवाखान्यात गेली, रुग्णवाहिका आल्या, जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बाळांचे कक्ष झाले. गडचिरोलीच्या त्या ०.४ टक्क्यांचं जग सगळीकडे तसंच उरलेलं नाही. पण पावसाळ्यात नाल्यापलीकडे अडकलेल्या गावापुरतं ते अजून उरलेलं आहे, आणि हे सगळं काम मुळात त्या गावासाठी झालं होतं.

शेवटचा कागद मी तास संपताना वाचून दाखवते. या सगळ्या भेटींचे मिळून आशाताईला २५० रुपये ठरले. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत ते मिळायला अटी होत्या: बाळाचं वजन कार्डावर नोंदलेलं हवं, बीसीजी आणि पोलिओ-त्रिगुणीचा पहिला डोस झालेला हवा, जन्माची नोंद हवी, आणि ४२ व्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवीत.

गडचिरोलीच्या कामात दगावलेल्या बाळाच्या घरी पुन्हा जाऊन आईला सगळं विचारलं जाई आणि मृत्यूचं कारण ठरवायला ती नोंद बाहेरच्या नवजातशिशुतज्ज्ञाकडे जाई. न्यूमोनियाचे आणि सेप्सिसचे आकडे त्या कागदांतूनच बाहेर आले. सव्वादोन किलोच्या, चौथ्या दिवशी दूध सोडलेल्या बाळाकडे कुठलीही आशा रात्री-अपरात्री सगळ्यात जास्त फेऱ्या घालते. वरची शेवटची अट वाचून मी वर्गाला एवढंच सांगते की त्या फेऱ्यांचा हिशेब मांडून दाखवा. पुढचा तास त्यावर असतो.